आवाजाची कापणी आणि सांधणी

पनवेलच्या किंवा दादरच्या फलाटावर कोकणच्या गाडीची वाट पाहत उभे असताना ध्वनिक्षेपकावरची घोषणा आपण सर्वांनीच ऐकली आहे. ती लक्ष देऊन ऐकणारे मात्र थोडे. लक्ष दिले तर एक गंमत ध्यानात येते. गाडीचा क्रमांक सांगणाऱ्या बाईंचा आवाज एकच असतो, पण 'एक' हा आकडा वरच्या सुरात उमटतो आणि त्याला लागून येणारा 'शून्य' एकदम खाली बसतो. स्थानकाचे नाव जरा लांबून आल्यासारखे वाटते. याचे कारण उघड आहे. हे वाक्य त्या बाईंनी अखंड असे कधीच उच्चारलेले नाही. आकडे, गावांची नावे आणि 'फलाट क्रमांक' यांसारखे तुकडे त्यांनी सुटे सुटे म्हणून ठेवले आणि यंत्राने ते गरजेप्रमाणे ओवले. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला, तेव्हा काही काळ आपले वीर हेच या बाजूचे शेवटचे स्थानक होते. गाडी वीरपर्यंतच जाणार हे सांगणारे वाक्य तेव्हा जसे लिहिता येत होते, तसेच आज दोनचार तुकडे जोडून 'बोलता'ही येते, आणि तेही कोणी तोंड न उघडता.

बोललेला शब्द कापता येतो आणि दुसऱ्या शब्दाला सांधता येतो, ही गोष्ट मानवाच्या इतिहासात फार नवी आहे. आज एखादा कॉलेजातला मुलगा संगणकावर गाणे उघडतो आणि 'कट', 'पेस्ट', 'फेड', 'ट्रॅक' असे शब्द सहज फेकतो. ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना वाटते, ही सगळी संगणकाची परिभाषा. पण हे शब्द संगणकाहून जुने आहेत. त्यांतले बरेचसे ब्लेड, चिकटपट्टी आणि कात्री हातात धरणाऱ्या कारागिरांचे आहेत. त्या शब्दांमागे मागे चालत गेलो, तर आवाज जपण्याचा सगळा इतिहास वाटेत भेटतो.

आरंभी कापणे नव्हतेच. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि दहा वर्षांनी बर्लिनरने चपटी तबकडी काढली. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास उतरला आणि हिंदुस्थानातील गायकांच्या तबकड्या व्यापारी प्रमाणावर निघू लागल्या. कर्ण्यासमोर तोंड नेऊन गायचे, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. ती रेघ उमटली की उमटली. ठसका लागला तर सबंध मेणतबकडी वाया जायची आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागायचे. एका बाजूला तीनेक मिनिटांचीच जागा असल्यामुळे कात्री चालायची ती गवयाच्या डोक्यात. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत कसा बसवावा हे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी स्वतःच ठरवले. नाटकात दहा वेळा 'वन्स मोअर' घेणारे बालगंधर्वांचे पद तबकडीवर आले ते मुरडून, आखडून. संपादन झाले नाही असे नाही. ते आवाज निघण्यापूर्वीच झाले.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करतो. 'ध्वनिमुद्रण' हा शब्द आपण छापखान्यावरून घेतला आणि तबकडीला 'ध्वनिमुद्रिका' म्हटले. मुद्रिका म्हणजे अंगठी. वर्तुळाकार वस्तूला हे नाव शोभलेही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र जो कापतो त्याला आपण 'संकलक' म्हणतो, म्हणजे गोळा करणारा. वर्तमानपत्रात तेच काम करणारा 'संपादक' ठरतो. फेकून देण्याच्या कामाला 'गोळा करणे' म्हणण्यात आपल्या भाषेचा सोशिक स्वभाव दिसतो.

गैसबर्गला उशीर झाला, असे मराठी रसिकाला वाटल्यावाचून राहत नाही. संगीत नाटकाच्या पहिल्या पिढीतले भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये वारले, म्हणजे पुरी दोन वर्षेही आधी नव्हे. त्यांच्या आवाजाची वर्णने पुष्कळ आहेत, पण त्यावरून कोणाला एक सूर ऐकू येणार नाही. याहून जवळचे उदाहरण आपल्या महाडचेच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले. डिसेंबरात ते मुंबईहून बोटीने निघून आपल्या शेजारच्या दासगाव बंदरात उतरले आणि परिषदेसाठी पुन्हा महाडला आले. त्या दोन्ही परिषदांतील भाषणे छापील स्वरूपात आपल्याला वाचता येतात. ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत' निघू लागला, त्यामुळे लेखी पुरावा भक्कम आहे. मुंबईचे नभोवाणी केंद्र मात्र त्याच वर्षी २३ जुलैला सुरू झाले, पहिल्या परिषदेनंतर चार महिन्यांनी. वीजेच्या मायक्रोफोनवर तबकड्या भरण्याची पद्धतही तेव्हा दोनच वर्षांची होती, आणि ती भारी यंत्रे महाडच्या मांडवात येणे शक्यच नव्हते. बाबासाहेबांचा आवाज आपण ऐकतो तो पुढच्या काळातला, उदाहरणार्थ १९५५ च्या बी.बी.सी.च्या मुलाखतीतला. मार्च १९२७ चा तो आवाज जमलेल्या हजारो कानांत गेला आणि त्या कानांबरोबर संपला.

१९३२ साली 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदा बोलू लागला. बोलपटात चित्राच्या कडेने आवाजाची एक अरुंद पट्टी धावते. हाच 'ट्रॅक', म्हणजे आवाजाची पायवाट. चित्राची चौकट दिव्यासमोर थांबत थांबत सरकते आणि आवाजाची पट्टी मात्र एकसारखी धावावी लागते, म्हणून त्या चित्राचा आवाज त्याच्या शेजारी नसतो, वीसेक चौकटी पुढे असतो. चित्रावर कात्री चालवली की आवाज भलतीकडेच तुटायचा. म्हणून चित्राची फिल्म निराळी आणि आवाजाची निराळी ठेवून दोन्ही शेजारी शेजारी चालवून कापण्याची रीत पडली. आज संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांचे मूळ या टेबलावर आहे.

खरी क्रांती केली ती चुंबकीय फितीने. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये जर्मनीत कागदी पट्टीवर लोखंडाची भुकटी बसवली. १९३५ साली बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र मांडले गेले. युद्ध संपल्यावर जॅक मलिन हा अमेरिकन सैन्यातला तंत्रज्ञ असली दोन यंत्रे सुटी करून घरी घेऊन गेला आणि १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्याने ती चालवून दाखवली. गायक बिंग क्रॉसबीला दर आठवड्याला प्रत्यक्ष प्रक्षेपण करण्याचा कंटाळा होता. १९४७ पासून त्याचा कार्यक्रम फितीवर भरून मग प्रसारित होऊ लागला. फितीवर चूक झाली तर तेवढाच तुकडा कापून टाकायचा आणि टोके चिकटपट्टीने जोडायची. मलिनने पुढे एक किस्सा सांगितला आहे. एका विनोदी नटाने काही चावट गोष्टी सांगितल्या आणि प्रेक्षक खदखदून हसले. गोष्टी प्रसारणाजोग्या नव्हत्या, त्या कापल्या. हसणे मात्र जपून ठेवले आणि पुढे एका पडलेल्या विनोदानंतर चिकटवले. आवाज सांधण्याची कला लोकांच्या हाती आली न आली तोच तिने खोटे हसायला शिकून घेतले!

फीत कापण्याची एक खुबी सांगण्याजोगी आहे. पाव इंच रुंदीची फीत सरळ काटकोनात कापली, तर सांध्यावर 'टक्' असा आवाज येतो. म्हणून ती पंचेचाळीस अंशांत तिरकी कापत. धातूच्या ठोकळ्यात फितीइतकी खाच आणि त्यावर ब्लेडसाठी तिरपी चीर असे. यंत्रापुढून सेकंदाला पंधरा इंच फीत जात असेल, तर तिरका सांधा ओलांडायला सेकंदाचा साठावा भाग लागतो. तेवढ्या वेळात पहिला आवाज उतरत जातो आणि दुसरा चढत जातो. यालाच आज संगणकावर 'क्रॉसफेड' म्हणतात. पडद्यावर दोन तुकड्यांच्या सांध्याशी तिरक्या रेघांची फुली दिसते, ती त्या ब्लेडच्या तिरक्या वाराची आठवण आहे. आपल्या सुतारालाही फळीला फळी जोडताना तिरका सांधा अधिक बेमालूम बसतो हे पूर्वीपासून ठाऊक आहे.

याच सुमारास आपल्या नभोवाणीवरही फीत आली. २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे केंद्र सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून तेथून माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर चालले. अधिक महिन्यामुळे गीतांची संख्या छप्पन झाली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. फीत मोठी सोयीची, पण तिच्या सोयीतच धोका होता. ती पुसून पुन्हा वापरता येते. महाग वस्तू पुन्हा वापरण्याचा मोह कोणत्या कचेरीला होत नाही? तबकडी फुटते, पण निदान ती फोडावी लागते. फितीवरचा आवाज नुसत्या दुर्लक्षाने जातो.

आता संगणकाकडे वळू. चाकाच्या फिरण्याची सिनेमात छायाचित्रे घेतात तसे आवाजाचे करायचे, एवढीच यातली कल्पना आहे. हवेतला दाब क्षणोक्षणी कमीजास्त होतो. त्याची उंची सेकंदात हजारो वेळा मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. प्रत्येक मोजणी म्हणजे एक 'नमुना', इंग्रजीतले सॅम्पल. किती वेळा मोजावे याचा नियम नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या गणिताने दिला. जी सर्वांत बारीक कंपने टिपायची त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येते, म्हणून चाळीस हजारांच्या वर जावे लागते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हा आकडा ४४,१०० आहे. एवढा विचित्र आकडा का, याचे उत्तर चमत्कारिक आहे. सुरुवातीला हे नमुने दूरचित्रवाणीच्या चित्रफितीवर साठवत. अमेरिकेत व जपानात चित्र सेकंदाला साठ वेळा उमटे आणि युरोपात पन्नास वेळा. साठ गुणिले २४५ ओळी गुणिले प्रत्येक ओळीत तीन नमुने, किंवा पन्नास गुणिले २९४ गुणिले तीन, दोन्ही हिशेब ४४,१०० वर येऊन मिळतात. चित्रफीत गेली, आकडा राहिला.

प्रत्येक नमुन्याची उंची किती बारकाईने लिहायची ते 'बिट' ठरवतात. सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. या हिशेबाने दोन कर्ण्यांचे एक मिनिट संगीत सुमारे एक कोटी सहा लाख बाइट जागा खाते. ती जागा वाचवण्यासाठी कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी ते टाकून देणारी एम.पी.थ्रीची युक्ती जर्मनीत निघाली. १९९५ पासून ते नाव फाइलींना लागले. फोनवर गाणे पाठवायला ती उत्तम, पण मूळ प्रत म्हणून ती ठेवू नये. टाकलेले परत मिळत नाही.

पायऱ्यांना वरचे छत असते. त्याला शून्य डेसिबल म्हणतात, म्हणून पडद्यावर सारे आकडे उणे दिसतात. आवाज छताला टेकला की तरंगाचे माथे कापले जातात आणि ऐकताना फाटल्यासारखे वाटते. या 'क्लिपिंग'वर औषध नाही. भरतानाच आवाज थोडा खाली ठेवावा. नंतर 'नॉर्मलाइझ' या आज्ञेने सर्व तरंग एकाच प्रमाणात वर उचलता येतो.

संगणकावर आवाज कापण्याच्या आरंभीच्या इतिहासात टॉमस स्टॉकहॅम या प्राध्यापकाचे नाव मोठे आहे. त्याने १९७५ मध्ये साउंडस्ट्रीम ही कंपनी काढली आणि ध्वनीचे आकडे संगणकाच्या तबकडीवर घेऊन तेथेच कापण्या-सांधण्याची पद्धत बसवली. यात मूळ आकड्यांना हात लागत नाही. 'अमुक क्षणापासून तमुक क्षणापर्यंत वाजव, मग तिकडचा तुकडा वाजव' एवढी यादी तयार होते. म्हणून चूक मागे घेता येते, म्हणजे 'अनडू' करता येते. ब्लेडने कापणाऱ्याला ही चैन नव्हती.

याच स्टॉकहॅमने आणखी दोन कामे केली. १९२१ मध्ये वारलेल्या कारुसो या इटालियन गायकाच्या जुन्या तबकड्या घेऊन, कर्ण्यामुळे आवाजात शिरलेला पोकळ घुमारा त्याने गणिताने वेगळा काढला. त्या शुद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिका १९७६ साली प्रसिद्ध झाल्या. त्याआधी, १९७४ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कचेरीतल्या फितीवर साडेअठरा मिनिटांची जी कुप्रसिद्ध पोकळी सापडली, ती तपासणाऱ्या सहा तज्ज्ञांत तो होता. पुसण्याचे यंत्र किमान पाच वेळा, कदाचित नऊ वेळाही, स्वतंत्रपणे चालवले गेले असा निष्कर्ष त्यांनी काढला. जुना आवाज धुऊन काढणारा आणि आवाज कोणी पुसला हे ओळखणारा माणूस एकच होता, आणि दोन्ही कामांतले हत्यारही एकच.

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. १९९१ मध्ये प्रो टूल्स आले आणि मोठमोठी स्टुडिओ त्यावर गेली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ऑडॅसिटी हा कार्यक्रम लिहायला घेतला आणि मे २००० मध्ये तो सर्वांना फुकट दिला. पूर्वी ज्यासाठी लाखांची सामग्री लागे, ते काम आता महाड-पोलादपूरकडच्या शक्ती-तुऱ्याच्या मंडळातला पोरगाही घरच्या संगणकावर करतो.

हे सारे मी पुस्तकी जिज्ञासेने शिकलो नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले त्या वेळी आमच्या एका आप्तांच्या घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तीन कॅसेटी होत्या. वीरच्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मुंबईहून आलेल्या त्यांच्या भाच्याने कोणे एके सुट्टीत भरून ठेवलेल्या. आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. चिखल उपसताना कॅसेटी हाती लागल्या, तेव्हा त्या फेकून देण्याच्या ढिगात पडल्या होत्या. त्यांतली एक चिकटवलेल्या डबीची होती, ती उघडतानाच फीत तुटली. स्क्रू असलेल्या दोन मात्र उघडल्या. फीत स्वच्छ पाण्याने धुतली, सावलीत वाळवली आणि दुसऱ्या डब्यांत गुंडाळली. एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी संगणकात घ्यायची असे ठरले, कारण दुसऱ्यांदा ती वाजेलच याची खात्री नव्हती.

वाजली. मागे सतत 'स्स' असा फितीचा आवाज, त्यात जात्याची घरघर आणि तिच्यावर आजींचा आवाज. आमच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, साफ करतो. या कामासाठी 'नॉइज रिडक्शन' नावाचे हत्यार असते. त्याला आधी नको असलेल्या आवाजाचा एक मासला दाखवावा लागतो. मग तो मासला ज्या ज्या स्वरपट्ट्यांत सापडतो, त्या त्या पट्ट्या, गाणे तेथे नसेल तेव्हा, ते हत्यार दाबून टाकते. मुलाने आजी गात नसतील अशी जागा निवडली आणि तो मासला दिला. सगळी कॅसेट त्याने त्यातून काढली आणि मोठ्या आनंदाने ऐकवली.

आवाज खरोखरच स्वच्छ झाला होता, पण आजी विहिरीतून गात असल्यासारख्या वाटत होत्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या मध्येच का थांबतात ते कळेना. ओवीच्या दुसऱ्या ओळीनंतर एक विसावा येई, कधी लांब, कधी आखूड. मूळ ध्वनी पुन्हा लावला तेव्हा उलगडले. त्या विसाव्यात जाते जड चालत होते. नवी मूठ वैरली होती. दोन फेऱ्यांनी ते हलके झाले की ओवी पुढे निघे. मुलाने निवडलेल्या शांत जागेत आजी गप्प होत्या, पण जाते गप्प नव्हते. त्याने हत्याराला जातेच कचरा म्हणून दाखवले होते आणि हत्याराने हुकूम इमानेइतबारे पाळला होता.

सह्याद्रीच्या पलीकडे मुळशी-मावळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून अशा ओव्या गोळा केल्या. एक हजारावर गावांतल्या लाखाहून अधिक ओव्या त्यांच्याकडे जमल्या आणि बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने सुमारे एकशेवीस तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या ओव्या सर्वांना ऐकण्यास खुल्या केल्या. ओवीचा अर्थ जात्याच्या गतीत किती आहे, हे कागदावरची ओवी आणि ती ऐकलेली ओवी शेजारी ठेवल्यावर कोणालाही कळते.

आम्ही पुन्हा बसलो. कॅसेटच्या अगदी आरंभी, भाच्याने बटण दाबल्यापासून आजींनी खुंट्याला हात घालेपर्यंत, दोन सेकंद नुसता फितीचा 'स्स' होता. तेवढाच मासला दिला. हत्याराचा जोर निम्म्यावर आणला. फितीचा आवाज पुष्कळ उतरला, जाते राहिले. तुटलेल्या जागी जेथे 'टक्' असे वाजत होते, तेथे तरंग शून्याच्या रेघेवर येतो तो बिंदू गाठून सांधा केला. एके ठिकाणी आजी मध्येच कोणाला तरी 'पोराला घे गं' म्हणतात. मुलाने विचारले, हे कापू का? त्याला म्हटले, ते पोर बहुधा आता पन्नाशीचे असेल, त्यालाच विचारू.

एक ओवी त्यांनी दोनदा म्हटली आहे, दुसऱ्या वेळी शेवटचा शब्द बदलून. पहिल्या वेळी मध्ये खोकला येतो. दोन्हींतून एक निर्दोष ओवी सहज शिवता आली असती. ती शिवली नाही. आता घरात प्रत्येक कॅसेटच्या दोन प्रती आहेत. एकीवर 'मूळ, हात न लावलेली' असे लिहिले आहे आणि दुसरीवर काय काय केले त्याची यादी. चिकटवलेल्या डबीतली तुटकी फीत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवली आहे. तिच्यातला सर्वांत लांब अखंड तुकडा साडेतीन मीटरांचा भरला, आणि कॅसेटच्या गतीने तो सव्वा मिनिटाहून थोडा कमी वाजेल.